अल्गो ट्रेडर व्हायचं तर शिकायचं काय, आणि किती दिवस?

मलकापुरात बाजारभावाच्या गप्पा आता जिनिंगवाले आणि अडते यांच्यापुरत्या राहिलेल्या नाहीत. कोलते अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडलेली मुलं, बँकेतले तरुण, मोबाइलवर डीमॅट खातं उघडलेले मास्तर, अनेकांच्या तोंडी हल्ली ‘अल्गो’ असतं. पाठोपाठ प्रश्न ठरलेला: कोर्स कोणता करू? प्रश्न चुकीचा नाही, पण फार पुढचा आहे. त्याआधी काय काय येतं ते क्रमाने पाहू. आपल्याला शेअर बाजाराचं किंवा संगणकाच्या भाषेचं काहीही येत नाही, असं धरूनच सुरुवात करू.

अल्गोरिदम म्हणजे पायरीपायरीने लिहिलेली कृती. कधी घ्यायचं, किती घ्यायचं, कधी विकायचं, चुकलं तर कुठे थांबायचं, हे नियम संगणकाला लिहून द्यायचे आणि भाव नियमात बसला की ऑर्डर संगणकानेच पाठवायची, याला अल्गो ट्रेडिंग म्हणतात. आपल्याकडे याला वाट मिळाली ती एप्रिल २००८ मध्ये. सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या नियामक संस्थेने, मोठ्या संस्थांना ब्रोकरच्या यंत्रणेतून थेट बाजारात ऑर्डर टाकायला परवानगी दिली. अल्गोसाठी स्वतंत्र नियम २०१२ मध्ये आले, आणि आपल्यासारख्या किरकोळ गुंतवणूकदारांसाठीची सविस्तर चौकट थेट ४ फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकात.

आता जाहिरातींमध्ये हमखास दिसणारा आकडा घेऊ. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यांमध्ये, २०२३-२४ या वर्षी परदेशी संस्थांनी कमावलेल्या नफ्यापैकी ९७ टक्के आणि स्वतःच्या पैशाने व्यवहार करणाऱ्या पेढ्यांच्या नफ्यापैकी ९६ टक्के नफा अल्गोमधून आलेला होता. जाहिरात इथेच थांबते. त्याच अभ्यासात पुढे आहे की तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले, आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर होता.

‘नफा अल्गोमुळे होतो, म्हणून मीही अल्गो घेतो’ असा अर्थ यातून काढला जातो. मुळात त्या पेढ्यांकडे संशोधन करणारी माणसं आहेत, कमी खर्चाची रचना आहे, आणि एक्स्चेंजच्याच, म्हणजे शेअर बाजाराच्याच, इमारतीत भाड्याने ठेवलेले संगणक आहेत. या शेवटच्या सोयीला को-लोकेशन म्हणतात. तिथला संगणक आणि मलकापुरातला लॅपटॉप यांच्या वेगाची बरोबरी होणार नाही, ती करायलाही जाऊ नये. आपल्याला शिकायचं आहे ते वेगावर न चालणारं काम.

म्हणून पहिली पायरी ठरवण्याची. अल्गो ट्रेडर दोन प्रकारचे असतात. एक, मुंबईत किंवा गुरुग्रामला अल्फाग्रेप, ग्रॅव्हिटन, टॉवर रिसर्च अशा पेढ्यांत पगारावर काम करणारे. दोन, घरी बसून स्वतःच्या पैशावर करणारे. अभ्यास बराच सारखा आहे, पण पहिल्याला शिकताना पगार मिळतो आणि दुसरा शिकण्याचे पैसे बाजाराला देतो. वय पंचविशीच्या आत असेल आणि गणित बरं असेल, तर आपण पहिली वाट आधी बघावी. तिच्याविषयी पुढे येतोच.

दुसरी पायरी बाजार समजून घेण्याची. संगणकाला हात लावायचा नाही, तीन-चार महिने फक्त बाजार कसा चालतो ते बघायचं. बाजार समितीच्या हर्रासात एका ढिगाभोवती व्यापारी उभे राहतात आणि बोली एकाच दिशेने चढते. एक्स्चेंजवर घेणारे आणि विकणारे दोघेही एकाच वेळी बोली लावून बसलेले असतात. या दोन्ही रांगांच्या यादीला ऑर्डर बुक म्हणतात.

समजा एका शेअरला विकणाऱ्यांची रांग अशी आहे: १००.१० ला ५० शेअर, १००.२५ ला १००, आणि १००.६० ला ३००. पडद्यावर आपल्याला भाव १००.१० दिसतो. आपण ३०० शेअरची मार्केट ऑर्डर टाकली, म्हणजे ‘मिळेल त्या भावाने घे’ असं सांगितलं. आपल्याला ५० मिळतील १००.१० ने, १०० मिळतील १००.२५ ने, उरलेले १५० मिळतील १००.६० ने. सरासरी पडली १००.४०. दिसलेल्या आणि पडलेल्या भावातल्या या ३० पैशांना स्लिपेज म्हणतात. हे ३० पैसे कुठल्याही बिलावर छापून येत नाहीत, म्हणून नवख्याला ते कधी दिसतच नाहीत.

या टप्प्याला अभ्यासाचं साहित्य फुकट किंवा स्वस्त मिळतं. सेबीने २००६ मध्ये स्थापन केलेली एनआयएसएम ही संस्था रायगड जिल्ह्यात पाताळगंगा इथे आहे. तिची इक्विटी डेरिव्हेटिव्हची परीक्षा, म्हणजे सिरीज ८, देऊन टाकावी. नोकरीत ती लागते, आणि घरी करणाऱ्यालाही मार्जिन, सेटलमेंट, एक्स्पायरी हे शब्द एकदाचे पक्के होतात. मार्जिन म्हणजे सौद्यासाठी ठेवावी लागणारी अनामत, सेटलमेंट म्हणजे हिशेब पुरा होणं, एक्स्पायरी म्हणजे सौद्याची मुदत संपण्याचा दिवस. या प्रमाणपत्राने कोणी ट्रेडर होत नाही, मात्र याच्याशिवाय पुढचं वाचताना दर ओळीला अडायला होतं.

इथली नेहमीची चूक म्हणजे पहिल्याच महिन्यात ऑप्शन्सला हात घालणं. प्रीमियम, म्हणजे ऑप्शनची किंमत, शंभर-दोनशे रुपये दिसतो, त्यामुळे गोष्ट स्वस्त वाटते. पण २० नोव्हेंबर २०२४ पासून निर्देशांकाच्या नव्या सौद्याचं किमान मूल्य १५ लाख रुपये ठेवलेलं आहे. छोट्या पैशात मोठा माल हातात येतो आणि घसरण आली की त्या मालाच्या हिशेबाने येते.

तिसरी पायरी गणिताची. घाबरण्यासारखं नाही. बारावीचं आणि पदवीच्या पहिल्या वर्षाचं संख्याशास्त्र नीट आलं की काम भागतं: सरासरी, प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेले आहेत ते, सहसंबंध, संभाव्यता. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत. पेढीत जायचं असेल तर मात्र रेषीय बीजगणित आणि संभाव्यतेची कठीण कोडी तोंडी सोडवण्याइतकी तयारी लागते.

संख्याशास्त्राचा खरा उपयोग फसगत ओळखायला होतो. शंभर जणांनी प्रत्येकी वीस वेळा नाणं उडवलं, तर त्यातल्या साधारण सहा जणांना चौदा किंवा जास्त वेळा छापा येईल. नाण्यात काही नाही, हातात काही नाही. आता छाप्याच्या जागी ‘फायद्याचा सौदा’ ठेवा. वीसपैकी चौदा सौदे बरोबर आलेले हे सहा जण टेलिग्रामवर चॅनेल काढतात, उरलेले चौऱ्याण्णव गप्प बसतात. आपल्यापर्यंत पोहोचतात ते सहा. वीस सौद्यांवरून कुणालाही, स्वतःलासुद्धा, हुशार ठरवू नये.

दुसरं एक साधं गणित: खातं ५० टक्के खाली गेलं तर मूळ जागेवर यायला १०० टक्के वर जावं लागतं. वरच्या टोकापासून खाली झालेल्या या घसरणीला ड्रॉडाउन म्हणतात. अनुभवी माणूस अल्गो दाखवणाऱ्याला नफा नंतर विचारतो. आधी विचारतो, जास्तीत जास्त घसरण किती आणि ती भरून यायला किती महिने लागले.

चौथी पायरी प्रोग्रामिंगची. भाषा पायथॉन. नोकरी सांभाळून रोज तासभर दिला तर सहा-आठ महिन्यांत हात बसतो. आकड्यांचे तक्ते हाताळणारी पांडाज ही तयार कोडची लायब्ररी, माहिती साठवायला एसक्यूएल, आणि आपण कोडमध्ये काल काय बदललं याची नोंद ठेवणारं गिट, एवढं घरच्या कामाला पुरतं. वेगाचं काम करणाऱ्या पेढ्यांना सी प्लस प्लस आणि लिनक्स लागतं. अभियांत्रिकीच्या मुलांना हा टप्पा सोपा जातो, आणि त्यातूनच त्यांचा गैरसमज होतो की काम संपलं. माझ्या मते एकूण मेहनतीत कोडचा वाटा पाचवा हिस्साही नाही.

चुका कोडच्या व्याकरणात होत नाहीत, बाजाराच्या तपशिलात होतात. दोन उदाहरणं देतो. रिलायन्सने एकास एक बोनस दिला, रेकॉर्ड डेट २८ ऑक्टोबर २०२४. त्या दिवशी शेअर २,६५० च्या आसपासवरून १,३३० च्या आसपास दिसू लागला. भागधारकाचं काहीच गेलेलं नव्हतं, शेअरची संख्या दुप्पट झाली होती. पण बोनसची दुरुस्ती न केलेला डेटा वापरणाऱ्या प्रोग्रामला ती एका रात्रीत झालेली ५० टक्क्यांची घसरण दिसते, आणि ‘मोठ्या घसरणीनंतर खरेदी’ असा नियम असेल तर तो आनंदाने खरेदी करतो.

दुसरं उदाहरण वाराचं. निफ्टीची, म्हणजे पन्नास मोठ्या शेअरच्या निर्देशांकाची, साप्ताहिक एक्स्पायरी वर्षानुवर्षं गुरुवारी होती. ती १ सप्टेंबर २०२५ पासून मंगळवारी आली. बँक निफ्टीची साप्ताहिक एक्स्पायरी तर नोव्हेंबर २०२४ मध्ये बंदच झाली. कोडमध्ये कुठेतरी ‘गुरुवार’ लिहून ठेवणाऱ्यांना तो शोधत बसावं लागलं. वार, लॉटचा (एका सौद्यातल्या ठरावीक नगांचा) आकार, सुट्ट्या, कर, यातलं काहीही कोडच्या पोटात पुरू नये. वेगळ्या तक्त्यात ठेवावं आणि दर महिन्याला एक्स्चेंजच्या परिपत्रकाशी ताडून पाहावं.

पाचवी पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून इथे जरा थांबू. आपल्याला सुचलेला नियम मागच्या काही वर्षांच्या भावांवर चालवून बघणं, याला बॅकटेस्ट म्हणतात. बॅकटेस्टमध्ये नफा दाखवणं अजिबात अवघड नाही. प्रामाणिक बॅकटेस्ट करणं अवघड आहे.

पहिली चूक भविष्यात डोकावण्याची. नियम असा: आजचा बंद भाव वीस दिवसांच्या सरासरीच्या वर असेल तर खरेदी. आणि प्रोग्राम खरेदी दाखवतो आजच्या सकाळच्या सव्वानऊच्या भावाने. बंद भाव तर दुपारी साडेतीनला कळणार! तक्त्यात एक ओळ खाली सरकवायची राहिली की हे घडतं आणि नफ्याचा आलेख सरळ आभाळाकडे जातो. आलेख फारच देखणा दिसला की आनंद न मानता आधी ही ओळ तपासावी.

दुसरी चूक वाचलेल्यांचीच मोजदाद करण्याची. आज निफ्टीत असलेले पन्नास शेअर घेऊन मागची पंधरा-वीस वर्षं तपासली तर निकाल चांगलाच येणार, कारण बुडालेले किंवा घसरून बाहेर गेलेले त्या यादीत नाहीतच. युनिटेक, सुझलॉन, रिलायन्स कम्युनिकेशन्स, जेपी असोसिएट्स हे सगळे एकेकाळी निफ्टीत होते. २००९ सालची तपासणी करायची तर २००९ सालचीच यादी हवी.

तिसरी चूक नियम डेटाला घासून बसवण्याची, म्हणजे ओव्हरफिटिंग. वीसच्या जागी एकवीस दिवसांची सरासरी, स्टॉपलॉस, म्हणजे तोटा थांबवण्याची मर्यादा, १.२ टक्के, फक्त मंगळवार, फक्त अकरानंतर, असं करत करत मागच्या भावांना चपखल बसणारं काहीतरी तयार होतं आणि पुढच्या महिन्यात ते कोलमडतं. उपाय जुना आणि साधा आहे. डेटाचे दोन भाग करायचे, एकावर नियम घडवायचा, दुसऱ्याला शेवटपर्यंत हात लावायचा नाही. शेवटी एकदाच चालवायचा. दुसऱ्या भागावर निकाल वाईट आला म्हणून नियम बदलला आणि पुन्हा तोच भाग वापरला, तर तो भागही बाटला.

चौथी चूक खर्चाची. हा हिशेब कागदावर मांडूनच बघा. एक लाख रुपयांचे शेअर सकाळी घेतले आणि त्याच दिवशी विकले. ब्रोकरेज जाता-येता २० आणि २०, म्हणजे ४० रुपये. विक्रीवर एसटीटी, म्हणजे व्यवहार कर, ०.०२५ टक्क्याने २५ रुपये. एक्स्चेंजचं शुल्क सुमारे ६, मुद्रांक शुल्क ३, आणि ब्रोकरेज-शुल्कावर १८ टक्के जीएसटी सुमारे ८ रुपये. झाले ८२. दर अधूनमधून बदलतात, आपल्या ब्रोकरचे आपण तपासून घ्यावेत.

दिवसाला असे दोन सौदे, वर्षाचे कामाचे दिवस अडीचशे. पाचशे सौदे गुणिले ८२, म्हणजे ४१,००० रुपये. प्रत्येक बाजूला अवघं ०.०५ टक्का स्लिपेज धरलं तर सौद्यामागे आणखी १०० रुपये. आता वर्षाचा खर्च ९१,००० झाला, तोही एक लाखाच्या भांडवलावर. अशा पद्धतीला वर्षाला ९१ टक्के कमावल्यावर कुठे शून्यावर येता येतं. बहुतेक ‘चालणारे’ अल्गो याच एका कागदावर मरतात. पैसे लावायच्या आधी मेले तर बरंच आहे.

आणि बॅकटेस्टमधून वाईट दिवस कधीही वगळू नयेत. २३ मार्च २०२० ला निफ्टी एका दिवसात सुमारे १३ टक्के पडला. ४ जून २०२४ ला, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, जवळपास ६ टक्के. ‘ते अपवाद होते’ असं म्हणणाऱ्याच्या खात्यात पुढचा अपवाद येतोच.

नियम सुचावा कुठून? इथे मलकापूरकराला थोडा फायदा आहे, त्याचा विचार कुणी फारसा करत नाही. एनसीडीईएक्सवर, म्हणजे शेतमालाच्या वायदे बाजारावर, सरकी ढेपेचा वायदा चालतो आणि त्याचं मूळ केंद्र शेजारचं अकोला आहे. दसरा-दिवाळीनंतर कापसाची आवक वाढते, जिनिंग सुरू होतात, सरकी निघते, तिच्यातून तेल आणि ढेप. ही साखळी आपल्या डोळ्यांसमोर चालते. नियमामागे असं काही कारण असावं. आकड्यांत योगायोगाने सापडलेल्या नियमाला पाठीमागे काही नसतं.

पण लगेच उडी मारू नये. आवक वाढली की ढेप दबते, हे मलकापूरच्या प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक आहे, म्हणजे वायद्याच्या भावात ते आधीच धरलेलं असणार. शिवाय अशा वायद्यात उलाढाल कमी, ऑर्डर बुक विरळ, आणि वर मांडलेलं स्लिपेजचं उदाहरण इथे जास्तच लागू पडतं. सरकारी निर्णयाची टांगती तलवार वेगळी. सोयाबीनचे वायदे डिसेंबर २०२१ मध्ये सेबीने थांबवले आणि ती बंदी पुन्हा पुन्हा वाढवली गेली. सोयाबीनवर कष्टाने नियम बांधून बसलेल्याचं काम एका आदेशाने संपलं. तरीही सरावासाठी हा विषय मी सुचवीन, कारण निकाल खरा की खोटा हे आपण चौकात चौकशी करून तपासू शकता.

सहावी पायरी प्रत्यक्ष जोडणीची. ब्रोकरच्या यंत्रणेशी आपला प्रोग्राम जोडण्याच्या दाराला एपीआय म्हणतात. सेबीच्या नव्या चौकटीप्रमाणे हे दार आता मोकाट नाही. ऑर्डर ज्या इंटरनेटच्या पत्त्यावरून जाते तो कायमचा, म्हणजे स्टॅटिक आयपी, आणि ब्रोकरकडे नोंदवलेला हवा. लॉगिनला दुहेरी ओळख पटवावी लागते, आणि रोज नव्याने लॉगिन करावं लागतं. सेकंदाला दहापेक्षा जास्त ऑर्डर जाणार असतील तर अल्गोची एक्स्चेंजकडे नोंदणी करावी लागते. घरगुती कामाला दहाची मर्यादा भरपूर आहे. १ एप्रिल २०२६ पासून ही चौकट सर्व ब्रोकरांना पूर्णपणे लागू आहे.

स्वतः लिहिलेला अल्गो आपण स्वतःसाठी आणि जवळच्या कुटुंबासाठी, म्हणजे पती-पत्नी, अवलंबून असलेली मुलं आणि अवलंबून असलेले आई-वडील यांच्यासाठी वापरू शकता. मित्राच्या, मेव्हण्याच्या किंवा गल्लीतल्या चार जणांच्या खात्यावर चालवून त्यांच्याकडून टक्केवारी घेतली की आपण नियमाबाहेर गेलात. गावात हे सर्रास चालतं, म्हणून स्पष्ट लिहितो.

घरच्या लॅपटॉपवर प्रोग्राम चालू ठेवून बाजारात जाऊ नये. वीज जाते, वायफाय जातं, विंडोज भर दुपारी अपडेट घेतं. मुंबईतल्या डेटा सेंटरमधला लहानसा क्लाउड सर्व्हर, म्हणजे भाड्याचा संगणक, घेतला की स्टॅटिक आयपीचाही प्रश्न सुटतो.

पहिले दोन-तीन महिने पेपर ट्रेडिंग, म्हणजे ऑर्डर न पाठवता नुसती नोंद. मग खरे पैसे, पण एक-दोन शेअर इतकेच. फायदा दहा रुपये होईल, तोटा पंधरा होईल. या टप्प्यात पैसे मिळवायचे नसतात. कागदावरचा भाव आणि पडलेला भाव यातला फरक मोजायचा असतो, आणि यंत्रणा कुठे तुटते ते बघायचं असतं.

ती तुटते ती अशी. आपण शंभर शेअर मागितले, चाळीसच मिळाले. प्रोग्राम समजतो शंभर आहेत आणि संध्याकाळी शंभर विकायला जातो. किंवा ऑर्डर पाठवली, तेवढ्यात इंटरनेट तुटलं, उत्तर आलं नाही. प्रोग्रामने पुन्हा पाठवली. आता दोन ऑर्डर बाजारात आहेत. म्हणून प्रोग्रामने स्वतःच्या आठवणीवर विसंबू नये. दर वेळी आधी ब्रोकरला विचारावं, खात्यात आत्ता नेमकं काय आहे, आणि मगच पुढची ऑर्डर पाठवावी.

मोठ्यांचंही असंच तुटतं. १ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेतल्या नाइट कॅपिटलने आठ सर्व्हरवर नवा कोड चढवला, त्यातला एक राहून गेला. त्या एका सर्व्हरवरचा जुना, विसरलेला कोड जागा झाला आणि पाऊण तासात कंपनीने ४४ कोटी डॉलरच्या वर गमावले. दोनच महिन्यांनी, ५ ऑक्टोबर २०१२ ला, मुंबईत एका दलाली पेढीकडून ६५० कोटी रुपयांच्या चुकीच्या ऑर्डर गेल्या, निफ्टी क्षणात सुमारे ९०० अंकांनी कोसळला आणि व्यवहार पंधरा मिनिटं थांबवावे लागले. ती चूक हाताने झाली होती. यंत्र असो की माणूस, मध्ये अडवणारी मर्यादा हवी.

त्यासाठी प्रोग्राममध्ये तीन कुलपं आधी लिहावीत, खरेदीचा नियम नंतर. दिवसाचा तोटा ठरावीक रकमेला गेला की सगळं बंद. दिवसात ठरावीक संख्येच्या वर ऑर्डर नाहीत. आणि मोबाइलवरून एका बटणाने सगळे सौदे मोडता येणारा किल स्विच. लग्नात जेवायला बसलेलो असतानाही तो दाबता आला पाहिजे. हे बटण महिन्यातून एकदा खरोखर दाबून बघावं, कारण न वापरलेलं बटण वेळेवर चालत नाही.

सातवी पायरी वहीची. प्रत्येक सौदा, तो का झाला, कागदावर किती मिळायला हवे होते, किती मिळाले, आणि आपण मध्येच हात घातला का. हा शेवटचा रकाना महत्त्वाचा. तीन दिवस सलग तोटा झाला की माणूस अल्गो बंद करतो, चौथ्या दिवशी तो कमावतो, पाचव्या दिवशी पुन्हा सुरू करतो. अशा रीतीने नफ्याचा नियमही तोट्यात नेता येतो. अनुभव म्हणतात तो मुख्यतः हाच: ठरवलेली घसरण येईपर्यंत हात बांधून बसणं आणि ती आल्यावर लाज न धरता बंद करणं. हे कुठल्या वर्गात शिकवता येत नाही, एक पूर्ण वर्ष छोट्या पैशात जावं लागतं.

कराचंही याच वहीत बघावं. फ्युचर्स-ऑप्शन्सचं उत्पन्न धंद्याचं उत्पन्न धरलं जातं, आयटीआर ३ भरावा लागतो, आणि तोटा झाला तरी विवरणपत्र भरायचं, म्हणजे तो पुढच्या वर्षांत वळता करता येतो. पगारदार मंडळी नेमकं हे विसरतात. सीएला मार्चमध्ये भेटा, मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात नको.

आता नोकरीची वाट. मोठ्या पेढ्या मुख्यतः आयआयटी, कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था, चेन्नई गणित संस्था अशा ठिकाणांहून मुलं घेतात. मलकापूरहून थेट तिथे उडी अवघड आहे, हे सांगायला संकोच कशाला? पण आडवाट आहे. पुण्याच्या सी-डॅकचा पदव्युत्तर डिप्लोमा, पुणे विद्यापीठाचं संख्याशास्त्र किंवा गोखले इन्स्टिट्यूटचं वित्तीय अर्थशास्त्र करून मुंबईतल्या एखाद्या ब्रोकरच्या तांत्रिक, जोखीम किंवा चाचणी विभागात शिरता येतं. ऑर्डर कशा जातात, कुठे अडकतात, एक्स्चेंज काय नाकारतं, हे तिथे दोन वर्षांत जे दिसतं ते घरी दहा वर्षांत दिसणार नाही. मुलाखतीत प्रमाणपत्रांपेक्षा स्वतः केलेला एक प्रामाणिक बॅकटेस्ट जास्त बोलतो, त्यातही जो फसला आणि का फसला हे नीट सांगता येतं, तो.

कोर्सचा प्रश्न आता घेता येईल. वरच्या चार पायऱ्या फुकटच्या साहित्यावर पार केल्या असतील, तर पैसे देऊन केलेल्या चांगल्या कोर्सचा उपयोग होतो. त्या पार केलेल्या नसतील, तर लाखभराची फी वाया जाते. कोर्स विकणाऱ्याला एकच विचारा: शिकवण्याच्या फीतून किती मिळतं आणि ट्रेडिंगमधून किती?

तयार अल्गो विकत घेण्याबद्दलही थोडं. सेबीने २ सप्टेंबर २०२२ च्या परिपत्रकाने ब्रोकरांना अल्गोच्या मागच्या किंवा पुढच्या परताव्याचे दावे करायला, आणि असे दावे करणाऱ्यांशी संबंध ठेवायला बंदी केली आहे. आतला नियम न दाखवता अल्गो विकणाऱ्याकडे सेबीची रिसर्च अ‍ॅनालिस्ट म्हणून नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक मागावा आणि तो सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः शोधावा. ‘महिन्याला पाच टक्के पक्के’ म्हणणारा आणि आपला पासवर्ड मागणारा, दोघांनाही दारातूनच परत पाठवावं. गावात चालणारं डब्बा ट्रेडिंग, म्हणजे एक्स्चेंजवर न जाता वहीतच होणारे सौदे, बेकायदा आहे. तिथे पैसे अडकले तर एक्स्चेंजकडे दाद मागता येत नाही.

एकूण हिशेब असा पडतो: बाजाराला चार महिने, गणित आणि पायथॉन मिळून दहा महिने, बॅकटेस्टला सहा महिने, छोट्या पैशात एक वर्ष. म्हणजे जवळपास पावणेतीन वर्षं, तीही नोकरी किंवा धंदा सांभाळून. दोन-तीन लाखांच्या भांडवलावर यातून घर चालणार नाही, त्यामुळे नोकरी सोडून या कामाला लागू नये आणि कर्ज काढून तर मुळीच नाही. छोट्या पैशांचं ते एक वर्ष खर्च वजा जाता तोट्यात गेलं, तर भांडवल वाढवू नका. तोवर शिकलेलं पायथॉन आणि संख्याशास्त्र घेऊन आपल्याला चांगली नोकरी शोधता येते, आणि बरेच जण तेच करतात.